सशाला दिसू नये म्हणून

वस्तीवर शिकारीचा विषय निघाला की पोरंसोरं अजून मला विचारतात, "दगडूबाबा, तुमी लई ससं मारलं म्हणं?" मी नुसतं हं म्हणतो आणि तंबाखूची चंची काढून बसतो. किती मारले ते कधी मोजलं नाही. मुकं जनावर मारलं त्याची लाज आहेच, कायद्याने बंदी होती आणि ती आम्हाला चांगली ठाऊक होती, पण मी लिहायला बसलो ते त्यापायी नाही. एका कोटापायी बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धीमुर्धी, तेव्हा अक्षर वेडंवाकडं येणार. हौसा, माझी मालकीण, जाऊन वर्ष होत आलं. ही गोष्ट कुणाला तोंडाने सांगायची माझी छाती नाही. कागदाचं बरं असतं, तो आपल्या तोंडाकडे बघत नाही.

तेव्हा मी पोरगा नव्हतो. लग्न झालेलं, पमी दोन-तीन वर्षांची, माझे म्हातारा-म्हातारी वारलेले, घरात मीच कर्ता. पण माणूस कर्ता झाला म्हणजे मोठा झाला असं नाही. मी मोठा झालो तो त्या कोटानंतर, आणि तोवर उशीर झाला होता.

आण्याच्या पठारावर आमची वस्ती. घर म्हणजे दोन खण आणि वर पत्रा. दाराशी म्हैस, तीन शेळ्या, आणि अंगणापुढे दगडी बांध. बांधाच्या पलीकडून जो माळ सुरू व्हायचा तो पार उतारापर्यंत. सकाळी मला जाग यायची हौसाच्या भाकरी थापण्याने. थाप, थाप, मग जरा थांबायची, ते तव्यावर टाकण्याचं, मग परत थाप, थाप. त्या थांबण्यावरून मला अंथरुणातच कळायचं की आज हिचा राग आहे का नाही. रागात असली की थांबायचीच नाही. थंडीत ती हुलग्याची शेंगोळी करायची. पिठाचा गोळा दोन तळव्यांत घेऊन बारीक वळ्या काढायची, रश्शाला लसूण इतका की बांधापर्यंत वास यायचा. पमी पाटावर बसून वळ्या मोडायची आणि ती तिला रागवायची नाही, मोडलेल्या तशाच आधणात सोडायची. आता मी शेंगोळी करतो तर पिठाचे नुसते गोळे होतात. हे असलं काही मी तेव्हा बघत नव्हतो. माझं ध्यान माळावर असायचं.

माळावर ससे लई. माझा जोडीदार लहानू. धनगराचा, माझ्याच वयाचा, त्याची चाळीसेक मेंढरं होती. मेंढरं कोंडायची जाळी, तिला वाघर म्हणतात, ती त्याच्याकडे असायची. दोन बोरींच्या मध्ये, सशाच्या वाटेवर वाघर बांधायची. लहानूने पलीकडच्या उतारावरून हाकारा करत यायचं आणि मी वाघरीपासून चार हातांवर गवतात बसायचं. ससा जाळीत शिरला की त्याच दमात त्याच्यावर पडायचं, नाहीतर तो दोरी तोडून पसार. पण सशाने आधीच मला बघितलं तर तो वाघरीकडे येतच नाही, ऐन वेळी असा वळतो की बघत राहावं. माझ्याकडून दोन-तीन असे वळले आणि मी पक्कं धरून बसलो की दोष कपड्याचा आहे. लहानू म्हणायचा, "आरं दगडू, कापडानं ससा फसत नाय. माणूस गप बसला तर फसतो. तू बूड हालवतो." मला ते पटायचं नाही. लहानूच्या अंगावर काळं घोंगडं, आणि त्याला गप बसायची जन्माची सवय.

डेअरीच्या खोलीत तेव्हा फोन आला होता आणि रंगीत टीव्ही पण. दूध घालायला गेलो की मी तिथंच रेंगाळायचो. एकदा त्यावर परदेशातले शिकारी दाखवले. अंगावर सगळा पानापानांचा कपडा, टोपीसुद्धा तशीच. माणूस झाडाला टेकला की झाडच. मी किटली हातात धरून बघत राहिलो. त्या दिवसापासून डोक्यात दुसरं काही नाही.

बेल्ह्याला बैलबाजार भरतो. दावणी, कासरे, घुंगरं विकणाऱ्यांच्या पलीकडे एक पावणा मिलिट्रीचा कपडा घेऊन बसायचा. खरा मिलिट्रीचा का नुसता तसा, देव जाणे. त्याच्याकडे तीन तऱ्हा होत्या. एक हिरव्यागार पानांची. एक वाळूच्या रंगाची, तिच्यावर तपकिरी ठिपके. आणि एक काळपट, उभ्या पट्ट्यांची. मी तिन्ही हातात घेऊन बघतोय तर तो म्हणाला, "घ्या भाऊ, इचार करू नका. ह्ये घालून रानात उभं राह्यलात, तर लग्नाच्या बायकोला सुदीक घावणार न्हाई." शेजारचा कासरेवाला हसला, मी पण हसलो. ते हसू माझ्या डोक्यातून जात नाही. मी हिरवं घेतलं, कारण टीव्हीत तसं होतं.

घरी आल्यावर ते अंगात घालून मी बांधापलीकडे गेलो, बोरीच्या झुडपाशी बसलो, आणि हौसाला खळ्यातून बघायला सांगितलं. हौसाची नजर आमच्या वस्तीत नावाजलेली. उतारावर चुकलेलं करडू ती अंगणातून दाखवायची. सुई पडली तर शेजारणी तिला बोलवायच्या. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि लगेच ओरडली, "दिसताय की वो!"

"कशानं?"

"कशानं म्हंजे? वाळल्या कुसळीत मेथीची जुडी ठेवल्यावानी दिसताय. ससा खायाला येईल तुमाला!"

दिवाळी होऊन गेलेली, माळ सगळा पिवळा पडलेला, आणि मी त्यात हिरवागार. पमी टाळ्या वाजवायला लागली. मला राग आला, पण खरं तर त्या दिवसांत आम्ही इतकं कधी हसलो नसू. पुढच्या बाजाराला मी वाळूचा कपडा आणला. तो जवळून चांगला, पण लांबून ठिपके सगळे एक होऊन जायचे. "दिसताय," हौसा म्हणाली, "चुन्याचं पोतं कुणी इसरून गेलंय." मग मी तो बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळला, तर विटेसारखा तांबडा झाला. पट्ट्यांचा आणला, त्याला म्हणाली, "भर उन्हात सावली बसल्यागत दिसतंया, सावलीला झाड न्हाई." चार-पाच बाजार माझं हेच चाललं. ती भांडी घासता घासता उठून यायची, हात पदराला पुसायची, बघायची, आणि "दिसताय" म्हणून परत राखेत हात घालायची. एकदा तिनेच मला समजावून सांगितलं. "आवो, तुमी एक रंग धरून बसता. आपलं रान एका रंगाचं हाये का? वाईच तांबडं, वाईच पिवळं, मधीच राखाडी. समदं इटलेलं, ठिगळाठिगळाचं. नवं कापड त्यात दिसणारच. जुनं पायजे, उन्हात इटलेलं." ती सहज बोलून गेली. तिला काय माहीत मी त्या बोलण्याचं काय करणार आहे.

आता गोधडीचं सांगतो. हौसाचं माहेर आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरला. पमीच्या बाळंतपणात तिच्या आईने तिला एक गोधडी शिवून दिली होती. सासूबाईंचा हात मोठा कामसू. त्यांची मासवडी खायला लांबलांबचे पाहुणे यायचे, आणि गोधडीचा त्यांचा टाका इतका सारखा की वाटावं मुंग्यांची रांग चालली आहे. गोधडी सगळी त्यांच्याच जुन्या लुगड्यांची. एक कांद्याच्या सालीच्या रंगाचं, एक मूळचं हिरवं पण विटून वाळल्या गवताचं झालेलं, एक मातकट, एक राखाडी, मधे मधे काठाच्या पट्ट्या. हौसा पमीला निजवताना त्यावर बोट ठेवून सांगायची, ह्ये आजी खुरपायला जायची त्यातलं, ह्ये मामाच्या लग्नातलं, आणि ह्यात मी लहान असताना आजीच्या पाठीवर झोळीत असायचे. पोरीला गोष्ट नको असायची, ते ठिगळ कुठलं ते पाहिजे असायचं.

पौषातल्या एका दुपारी मी माळावरून घरी येत होतो. हौसा दळणाला गेलेली. बांधाकडे बघितलं तर मला वाटलं बांध मधेच पडलाय, पलीकडचं रानच अलीकडे आलंय. जवळ आलो तेव्हा कळलं, तिने गोधडी उन्हाला टाकली होती. मी परत मागे गेलो, शंभर पावलं. डोळे बारीक करून बघितलं. नाहीच दिसत. कुठे दगड संपला, कुठे गोधडी लागली, काही कळत नव्हतं. मी चार-पाच बाजार ज्याच्यामागे फिरलो ते माझ्याच बांधावर वाळत होतं.

मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती ते ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. ती पमीला घेऊन शेजारच्या वस्तीवर हळदीकुंकवाला गेली त्या दिवशी मी गोधडी पोत्यात घातली आणि फटफटीवर टाकून बेल्ह्याच्या शिंप्याकडे नेली. शिंप्याने ती पसरली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. म्हणाला, "दगडूभाऊ, ह्ये कापायचं? कुणी केलंय हे?"

"सासूनं. जुनी झालीया."

"जुनी न्हाई वो, चांगली टिकंल अजून. वैनींना इचारलंय ना?"

"इचारलंय," मी म्हणालो. "तीच म्हणली घेऊन जावा."

त्याने वरचा पदर सोडवला आणि कात्री लावली. कात्रीचा तो आवाज मला आज अजिबात आठवत नाही, कारण मी ऐकलाच नाही. मी त्याला खिसे किती आणि कुठे ते सांगत होतो. कोट झकास झाला. पुढे पाच बटणं, दोन खिसे, वर टोपी. आतले जाड पदर उरले ते त्याने मला बांधून दिले, ते मी फटफटीच्या सीटवर अंथरले.

घरी आलो तेव्हा हौसा चुलीपुढे होती. कोट माझ्या अंगातच होता. तिने वर बघितलं. फुंकणी हातातच राहिली. मला वाटलं आता ही आकांत करील, मी आधीच आवाज चढवून म्हणालो, "नवी घेऊ की दुसरी! सोलापुरी चादर आणतो चांगली." ती उठली. बाहेर गेली, सीटवरचे ते पदर काढले, झटकले, आणि घरात नेऊन घडी घालून ट्रंकेत ठेवले. दुसऱ्या दिवशी भाकरीची थाप ऐकली, तिच्यात थांबणं नव्हतं. मी कूस बदलून पडून राहिलो. जाईल राग, म्हटलं. तिला बघायला बोलवायचं मात्र मी बंद केलं, आणि ती आपण होऊन आली नाही.

पुढे माघ महिन्यातली गोष्ट. बेल्ह्याचा बाजार होता, वस्तीवरची झाडून सगळी माणसं बैल घेऊन नाहीतर बैल बघायला गेलेली. वस्तीवर म्हाताऱ्या आणि पोरं. मी आणि लहानू दुपार कलल्यावर माळावर गेलो. फटफटीची किल्ली माझ्या कोटाच्या खिशात. वाघर बांधली, लहानू पलीकडच्या उताराला गेला, मी गवतात बसलो. वारा लहानूकडून येत होता. त्याचा हाकारा ऐकू यायला लागला, हो, होऽ, लांबून, मग जवळून. ससा उठला होता हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

तेवढ्यात खालून, वस्तीच्या अंगाने हाक आली. "आवो! पमीचं दादा!"

हौसा होती. पायात चप्पल नाही, पदर खोचलेला, धावत चढून आलेली. ती थांबून थांबून हाका मारत होती. "पमीचं दादा, आवो!" पमी मला दादा म्हणते, त्यावरून तशी हाक मारायची आमच्याकडे रीत. मालकाचं नाव बाई घेत नाही. उखाण्यात घेते तेवढंच, तेही लग्नात. आता पोरी सर्रास नवऱ्याला नावाने बोलवतात, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण हौसाच्या वेळी नाव घेणं म्हणजे नवऱ्याचं आयुष्य कमी करणं असं मानायचे, आणि ती ते मनापासून पाळायची. माझ्या नावाच्या दगडाला सुद्धा ती दगड म्हणायची नाही, धोंडा म्हणायची.

मी उठलो नाही. आता खोटं लिहून उपयोग नाही. मला वाटलं, म्हैस सुटली असेल, नाहीतर पाहुणा आला असेल. उठलो तर ससा वळेल आणि लहानू आठ दिवस चिडवेल. आणि एक गोष्ट त्याहून वाईट. ती माझ्यापासून वीस पावलांवर येऊन थांबली. माझ्या अंगावरून तिची नजर गेली, आणि तिने हाक परत मारली. मला काय झालं असेल? मला आनंद झाला. हौसासारख्या नजरेच्या बाईला मी दिसत नाही! कोट पास झाला! मी श्वास आवरून धरला, हसू आवरून धरलं. लहानू म्हणायचा तू बूड हालवतो. त्या दिवशी मी दगडासारखा बसलो होतो.

ती जरा वेळ तिथंच उभी राहिली. मग तिने माझं नाव घेतलं. "दगडू!"

एकदाच. ओरडून नाही, साध्या आवाजात. मग मागे वळली आणि चालत उतरून गेली. येताना धावत आली होती, जाताना चालत गेली. तेवढ्याने मला चटका बसायला पाहिजे होता. बसला, नाही असं नाही, पण तितक्यात ससा वाघरीत पडला.

दोन-अडीच किलोचा असेल. एवढासा जीव.

वस्तीवर आलो तेव्हा पमी शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर होती. म्हातारी म्हणाली, "आरं कुठं उलथला व्हता? डेअरीत निरगुडसरचा फोन आला. तुझी सासू जास्त झालीया, हौसाला बोलावलंय. ती तुला हुडकून आली. फटफटीवर कोण न्हेणार, समदी बाजाराला. मग गेली एकटीच रस्त्याला, पोरीला माझ्यापाशी टाकून. कुणाचा तरी बैलांचा टेम्पो मिळाला म्हणं फाट्यापातूर." मी खिशात हात घातला तर किल्ली हाताला लागली. तेव्हा निघालो असतो तर आळेफाट्याला तिला गाठली असती. मी निघालो नाही. सासूबाई याआधी दोनदा अशाच जास्त झालेल्या आणि उठून बसलेल्या, असं मी मनाशी म्हणालो. खरं कारण हे की तिच्यासमोर जायची मला भीती वाटत होती. लहानूने ससा सोलला. मी जेवलो. हेही लिहून ठेवतो, मी जेवलो.

सकाळी पहाटवारा झोंबत होता. खुंटीवरचा कोट ओढला, अंगात घातला, आणि पमीला पुढे बसवून निघालो. डोक्यात काहीच विचार नव्हता. निरगुडसरला पोचलो तर अंगणात माणसं बसलेली, चुलीवर पाण्याचं पातेलं, आणि बायकांचा आवाज. सासूबाई आदल्या सांजेला गेल्या होत्या. हौसा पोचायच्या थोड्याच आधी. थोरल्या मेहुण्याची बायको मला नंतर म्हणाली, "आत्याबाईंनी तीनदा इचारलं, हौशी आली का. तिसऱ्यांदा आमी आली म्हणलो." मी फटफटी लावून अंगणात आलो आणि बायकांचा आवाज एकदम कमी झाला. मला कळेना काय झालं. मग तीच मेहुण्याची बायको माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आगं बया, ह्ये तर आत्याबाईंचं लुगडं."

तिथे आत त्यांना आंघोळ घालायची तयारी चालली होती, आणि बाहेर मी त्यांची चार लुगडी अंगात घालून उभा. छातीवर कांद्याच्या सालीचं, पाठीला गवताचं, बाहीला काठ. पाच बटणं. त्या अंगणात मी सगळ्यांना दिसलो, लहान पोरांना सुद्धा. दडायला कुठे जागा नव्हती.

हौसा उठून आली. रडून चेहरा सुजलेला. माझ्याकडे बघितलं नाही, कोटाकडे बघितलं. हळू म्हणाली, "काढा." मी बटणं काढायला लागलो तर थंडीने बोटं चालेनात, तिनेच काढली. एक एक करून, पाचही. कोट घडी करून काखेत धरला आणि आत गेली. मी बनियनवर उभा राहिलो. धाकट्या मेहुण्याने शाल आणून दिली. मातीवरून आल्यावर थोरला मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, काल कुठं व्हता वो तुमी? हिला एकटीला टेम्पोत धाडली." मी तोंड उघडायच्या आत हौसा म्हणाली, "रानात व्हते. मी हाका मारल्या. मला घावलं न्हाईत." मेहुणा पाय धुवायला वळला. मी गप बसलो. तिने मला वाचवलं असं मला वाटलं, आणि मी वाचलो.

घरी आल्यावर तिने तो कोट उसवला. टाका टाका करून, ब्लेडने. ट्रंकेतले पदर काढले, तुकडे परत त्यावर मांडले, आणि पंधरा-वीस दुपारी लावून गोधडी जोडली. तिचा टाका आईसारखा सारखा नव्हता. खिशाच्या जागी खिशाची खूण राहिली, आणि बटणांची काजं तशीच राहिली, पाच, एका रांगेत. ती तिने बुजवली नाहीत. लहानूबरोबर वाघर बांधायला जाणं मी सोडून दिलं. तो म्हणाला, "का रं, कापड घावलं आन् मन फिरलं व्हय?" मी त्याला काही सांगितलं नाही. हिरवा, वाळूचा, पट्ट्यांचा, सगळे कपडे म्हशीच्या गोठ्यात फडकी म्हणून संपले. पुढे आम्ही बरा संसार केला. पमीचं लग्न झालं, विहिरीला पाणी लागलं, नवं घर झालं. हौसा माझ्याशी बोलायची, हसायची पण. नाव मात्र तिने परत कधी घेतलं नाही, आणि मी त्या दिवसाचं कधी काढलं नाही. मला वाटायचं, हे मला एकट्याला ठाऊक आहे.

मागच्या सालच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. मी पेज भरवायचो. दुपारी बाज अंगणात उन्हाला घ्यायचो. एका दुपारी ती गोधडीवरून बोट फिरवत होती, आणि बोट एका काजात अडकलं. ते तिथंच ठेवून ती पडून राहिली. मला राहवेना. मी म्हणालो, "हौसे, त्या दिवशी मी तिथंच व्हतो. बोरीपाशी. तुला दिसलो न्हाई."

"म्हाईत हाये," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं? लहान्यानं?"

"कोण कशाला सांगल? माझ्या आईचं लुगडं मला वळखू येणार न्हाई व्हय? तुमचं त्वांड न्हाई दिसलं. आई दिसली गवतात बसलेली."

मी उगाच गोधडीची कड सारखी केली. म्हणालो, "मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. नाव घेतलं." तिने माझ्याकडे बघितलं. "जो घावला न्हाई त्याचं नाव मी कशाला घेऊ? समोर व्हता म्हणून घेतलं. वाटलं, आता तरी उठतील."

मग तिने पाणी मागितलं. मी पाणी दिलं. त्यावर पुन्हा आमचं बोलणं झालं नाही, आठ-दहा दिवसांत ती गेली.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. नदीला सोडतात, नाहीतर देऊन टाकतात. बाकीचं सगळं दिलं. गोधडी दिली नाही. पमी म्हणते, दादा, बरं नसतं ते. भावकी विचारते, दहाव्याला विचारलं, वर्षश्राद्धाला पण विचारतील, "दगडूबाबा, मयताची गोधडी कशापायी ठेवलीय?" मी काजात बोट घालून बसतो आणि काही बोलत नाही. गप बसायला मला चांगलं येतं.